आक्काचा जबाब

आमच्या घरात चारचाकी आली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, पंचाहत्तरीला टेकले होते. निपाणीच्या तंबाखू वखारीत त्यांनी उभा जन्म काढला. मी इथल्याच एका मराठी हायस्कूलात गणित शिकवते. गाडी साधीच, छोटी, पांढरी. आणली त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विहारासमोर थांबवून अण्णांनी तिला हार घातला आणि मागचं दार उघडून आत जाऊन बसले. म्हटलं, पुढं बसा की. तर म्हणाले, "न्हाय. साहेब मागं बसत्यात." आणि स्वतःच किती तरी वेळ हसत राहिले.

आक्का आमची शेजारीण. नातं रक्ताचं नाही, पण आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि तिच्याकडचा खोकला आमच्याकडे ऐकू येतो. विड्या वळून तिनं दोन मुली मोठ्या केल्या, त्यांची लग्नं लावून दिली, आता एकटी राहते. कुणाचं फुकट घ्यायचं नाही, हा तिचा स्वभाव. वाटीभर साखर नेली तर वाटी रिकामी परत येत नाही, तिच्यात चटणी तरी असते, नाहीतर चार शेंगा. माझी आई गेल्यानंतरच्या वर्षी तिनं आम्हाला रोज भाकरी करून घातली, आणि मी नेऊन दिलेल्या पिठातलं उरलेलं पीठही परत आणून दिलं.

गाडी आली त्या वर्षी थंडीच्या दिवसांत आक्काच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बेळगावात झालं. ऑपरेशनला मोठी मुलगी आली होती, ती चार दिवस राहून गेली. पुढच्या तपासणीला कोण नेणार, असा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, मी नेते. शाळेतून शनिवारची रजा टाकली. अण्णांनाही यायचं होतं. त्यांना दवाखान्यात काही काम नव्हतं, पण गाडी कुठंही निघाली की ते तयारच असत.

सकाळी गाडीत बसायच्या आधी आक्कानं विचारलं, "भाडं किती घेणार गं?"

"भाडं घ्यायला मी काय वडापवाली हाय व्हय?" मी म्हटलं.

ती गाडीत बसली. संकेश्वरजवळच्या पंपावर मी पेट्रोल भरायला थांबले, तेव्हा तिनं कमरेच्या पिशवीतून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि पुढच्या कप्प्यात सारल्या. "पेट्रोलला," म्हणाली. मी परत करायला गेले तर अण्णा मागून म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. घे. न्हायतर ही हितंच उतरंल आणि बसनं जाईल." मी कप्पा बंद केला. त्या नोटा मी मोजल्यासुद्धा नाहीत.

डोळा चांगला होता. डॉक्टरांनी काळा चष्मा आणखी काही दिवस घालायला सांगितला आणि दुपारच्या जेवणानंतर आम्ही परत निघालो. महामार्गाचं रुंदीकरण चाललेलं, त्यामुळं जागोजागी वळवलेले रस्ते. हत्तरगीच्या पुढं अशाच एका बाजूच्या रस्त्यावर माझ्यापुढं उसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या. गाळपाचे दिवस, तेव्हा असे ट्रॅक्टर रस्ताभर. त्याच्या पुढं काय आडवं आलं मला दिसलं नाही. त्यानं एकदम ब्रेक दाबला, मीही दाबला, पण मातीचा रस्ता होता, गाडी घसरत गेली आणि ट्रॉलीच्या मागच्या बाजूला जाऊन धडकली. मोठा आवाज झाला. एअरबॅग फुगून तोंडावर आली. काचेवर उसाची कांडी पडली, मग दुसरी, मग एक अख्खी मोळी.

पहिला आवाज अण्णांचा आला. "पोरी, हातपाय हलवून बघ." मी हलवले. सगळे हलत होते. मग शेजारी बघितलं. आक्का दोन्ही हातांनी डावा डोळा धरून बसली होती.

"आक्का, लागलं काय?"

"डोळा हाय काय गं जाग्यावर? बघ की."

मी तिचे हात बाजूला केले. चष्म्याची एक दांडी मोडली होती, पण डोळा होता जागेवर, लाल आणि घाबरलेला. तिच्या कोपराला खरचटलं होतं, दोन बांगड्या फुटल्या होत्या. बाकी काही नाही. ट्रॅक्टरवाला धावत आला, त्यानं आम्हाला उतरवलं, उसाच्या ढिगावर पोतं अंथरून बसवलं, पाणी दिलं. "माझीबी चूक हाय मॅडम," असं तो दोनदा म्हणाला. गाडीचं तोंड आत गेलं होतं आणि खालून हिरवट पाणी गळत होतं.

गाडी क्रेननं बेळगावच्या वर्कशॉपला गेली. आम्ही निपाणीला जायचं सोडून एका ओळखीच्या माणसाच्या जीपनं उलटे परत दवाखान्यात आलो. डॉक्टरांनी डोळ्यात दिवा मारून बघितलं आणि लेन्स जागच्या जागी आहे म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं मी बाकावर टेकले.

गाडीचा विमा होता, हप्ता वेळेवर भरलेला होता, लायसन चालू होतं. त्यामुळं गाडीची काळजी मला फारशी वाटली नाही. तीन दिवसांनी विमा कंपनीनं नेमलेला सर्व्हेअर वर्कशॉपला आला, तेव्हा मी बसनं बेळगावला गेले. सर्व्हेअर म्हणजे नुकसान बघून त्याची रक्कम ठरवणारा माणूस. शांत होता, कामाचा होता. गाडीखाली वाकून, बॉनेट वर करून, प्रत्येक मोडलेल्या भागाचा फोटो काढत होता. काय बदलावं लागेल, काय ठोकून सरळ होईल, हे मेकॅनिकशी बोलून लिहीत होता. शेवटी माझ्याकडे वळला.

"गाडीत आणखी कोण होतं?"

"वडील. आणि शेजारच्या बाई."

"नात्यातल्या?"

"नाही. शेजारच्या. दवाखान्यात नेलं होतं."

त्यानं तेही लिहिलं. माझ्या मनात काही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी शाळेत असताना एक तरुण गृहस्थ आमच्या गल्लीत येऊन गेला. कंपनीच्या वतीनं चौकशी करणारा. अण्णा दुपारचे विहारात पेपर वाचत बसलेले, त्यामुळं घरी कुणी नव्हतं. तो शेजारी आक्काकडे गेला. तिनं त्याला चहा दिला. त्यानं विचारलं, तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं, तिनं सही केली. संध्याकाळी आक्कानंच मला हे सांगितलं, तेही कौतुकानं. "लई गुणाचा पोरगा हाय. कानडी बोलत होता, खरं मला समजंल असं सावकाश बोलला." आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.

मग महिनाभर काही नाही. आणि एके दिवशी मोबाईलवर कंपनीचं पत्र आलं, इंग्रजीत, दीड पानाचं. त्याचा अर्थ असा, की सदर खासगी वाहन अपघाताच्या वेळी भाडं घेऊन प्रवासी वाहतुकीसाठी वापरलं जात होतं असं चौकशीत आढळलं, पॉलिसीच्या अटींमध्ये ते बसत नाही, म्हणून तुमचा क्लेम नामंजूर. सोबत पॉलिसीतलं कलम जोडलेलं होतं. मी ते स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचलं आणि पुढचा तास कसा घेतला मला आठवत नाही.

घरी आले ती सरळ आक्काच्या दारात गेले. ती सुपात पानं कातरत बसली होती. मी म्हटलं, "तुम्ही त्या माणसाला काय सांगितलंत? पैसे दिले म्हणून सांगितलंत?"

"दिलं म्हटलं की. दिलं न्हवतं व्हय?"

"काय गरज होती सांगायची? त्यांनी क्लेम नाकारला त्यामुळं."

नाकारला म्हणजे काय ते तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिच्या हातातली कात्री थांबली. मी आणखी दोन वाक्यं बोलले, ती इथं लिहीत नाही. शाळेत तीस-तीस पोरांशी वर्षानुवर्षं न ओरडता बोलणारी मी, त्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईवर, आई गेल्यावर मला भाकरी घालणाऱ्या बाईवर, तिच्याच उंबऱ्यात आवाज चढवून आले.

त्यानंतर आक्का आमच्याकडे यायची बंद झाली. भिंतीपलीकडून तिचा खोकला यायचा, भांड्यांचे आवाज यायचे. ती यायची नाही.

तिसऱ्या दिवशी पॉलिसी काढून देणारा एजंट घरी आला. चांगला माणूस, माझ्याच वयाचा, मदत करायची म्हणूनच आला होता. त्यानं पत्र वाचलं आणि म्हणाला, "हे सोपं हाय मॅडम. त्या आजीकडनं बाँडवर लिहून घेऊ. मी पैसे दिलेच न्हाईत, मला त्या दिवशी औषधाची गुंगी होती, काय बोलले मला आठवत न्हाय. नोटरी करून पाठवू. मग कंपनीला गप्प बसावं लागतंय."

खरं सांगते, मला ते पटलं. मी मनातल्या मनात आक्काची समजूत कशी काढायची याचे शब्दही जुळवायला लागले होते. आक्कानं सही केली असती, याची मला खात्री होती. माझ्यासाठी तिनं काहीही लिहून दिलं असतं.

अण्णा खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "पैसं दिल्यात की तिनं. माझ्याम्होरं दिल्यात. मीच तुला घे म्हटलं."

"अहो अण्णा, ते खरं हाय, खरं कागदावर..." एजंट म्हणाला.

"कागदावर म्हनूनच सांगतोय."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. वखारीत असताना एकदा त्यांच्यासकट सात-आठ जणांकडून एका कागदावर अंगठे घेतले होते. सुट्टीचा कागद आहे म्हणाले. नंतर कळलं, आपण राजीखुशीनं काम सोडत आहोत असं त्याच्यात लिहिलं होतं. दोन हंगाम त्यांना बाहेर काम शोधावं लागलं. "तवा मला वाचाय येत न्हवतं," ते म्हणाले. "त्यानंतर रात्रीच्या शाळंत बसून शिकलो. आक्कानं कशावर सही केली, ते तुमी बघितलंय काय? आधी त्यो कागुद तर मागवा. काय लिवलंय ते बघू. आणि तिनं पैसं दिलं ते दिलं म्हनूनच सांगायचं. तिच्याकडनं खोटं वदवून घेतलेली गाडी मला नको. मी चालत फिरतो."

एजंट चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, "बघा, अण्णा म्हणत्यात त्यात पॉईंट हाय. चौकशीचा रिपोर्ट मागवा."

रिपोर्ट मागवणं सोपं नव्हतं. कंपनीच्या फोनवर दर वेळी नवा माणूस असायचा, प्रत्येकाला मी पहिल्यापासून सगळं सांगायची. एकानं रिपोर्ट गोपनीय असतो म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं मिळेल म्हणून सांगितलं. शेवटी मी लेखी विचारलं, की ज्या जबाबाच्या आधारावर तुम्ही माझा क्लेम नाकारता, तो जबाब मला न दाखवता मी उत्तर कसं देऊ? हेच वाक्य मी चार वेळा पाठवलं. परीक्षांचे पेपर तपासायचे दिवस आले होते तेव्हा एका संध्याकाळी तो जबाब मेलवर आला.

एक पान. हातानं लिहिलेलं, कन्नडमध्ये, सुरेख अक्षरात. खाली आक्काची मराठीतली सही, साक्षरता वर्गात शिकलेली, प्रत्येक अक्षर वेगळं आणि थोडं वर-खाली.

शाळेत असताना कन्नड माझी दुसरी भाषा होती आणि नोकरीसाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागली होती, त्यामुळं मला वाचता येतं. मी सावकाश वाचत गेले. नाव, वय, पत्ता. अमुक दिवशी मी दवाखान्यात गेले. मग एक ओळ होती: मी भाड्याबद्दल विचारले व बाडिगे दिले. बाडिगे म्हणजे भाडं. पेट्रोलचा शब्द सबंध पानात कुठंही नव्हता.

मी कागद छापून आणला आणि आक्काच्या दारात गेले. तीच म्हणाली, "ये. बस." मी बसले. म्हटलं, "आक्का, माझं चुकलं त्या दिवशी."

"माझंबी चुकलं असंल. म्हातारी हाय, तोंडाला काय ईल ते बोलतो."

"नाही. तुमचं चुकलं का ते बघायलाच आलेय. तुम्ही त्याला काय सांगितलंत, शब्दाला शब्द सांगा."

तिनं डोळे मिटले. विड्यांचे हिशेब तोंडी ठेवणाऱ्या बाईची आठवण पक्की असते. "त्यो म्हणाला, बाडिगे किती दिलं. मी म्हटलं, भाडं मी इचारलं, खरं ती घेतली न्हाय. मग पेट्रोलला म्हनून पैसं ठेवलं. त्यो म्हणाला, किती. मी म्हटलं, त्ये तुला कशाला."

मी तिला कागदावरची ओळ वाचून दाखवली आणि मराठीत सांगितली. आधी तिचा विश्वास बसेना. मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. आणि मग आक्का अशी चिडली, की मी तिला आयुष्यात तशी बघितली नव्हती. सूप बाजूला सारून उभी राहिली. "मी असं बोललो न्हाय! मधलं कुठं गेलं? घेतली न्हाय म्हटलेलं कुठं हाय? चहा पिऊन गेला आणि असं लिवला?"

त्या पोरानं मुद्दाम केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याला मराठी येत नव्हतं, तिला कन्नड अर्धंच येतं. दोघांच्याही कानाला ओळखीचा वाटलेला एक शब्द तेवढा कागदावर उरला. तरी त्या संध्याकाळी आक्काला मी शांत केलं नाही. तिला चिडायचा हक्क होता, आणि खरं तर मला बरं वाटत होतं. ती माझ्याशी बोलत होती.

आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला. त्यात पैसे दिल्याचं स्पष्ट लिहिलं. कशासाठी दिले, कुणी मागितले नव्हते, कुठं ठेवले, सगळं. कंपनीच्या तक्रार विभागाचं उत्तर आलं की निर्णय योग्य आहे, बदल होणार नाही. उत्तराच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येईल. मी चौकशी केली. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही, सुनावणी मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर होते, कार्यालय बेंगळुरूला. मी अर्ज केला. मधल्या काळात मी चालत शाळेत जात होते, अण्णा चालत विहारात जात होते, आणि गाडी बेळगावात एका कडेला धूळ खात उभी होती. कधी काम निघालं की बसमधून उतरून मी तिला बघून यायची.

सुनावणी पावसाळ्यात झाली, सकाळी अकराला. लॅपटॉप शिलाई मशीनवर ठेवला. आक्का ठेवणीतली इरकली नेसून आली होती. अण्णांनी दाढी केली होती, त्यांचं सुनावणीत काही काम नसताना. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, त्याच निर्णय देणार होत्या. दुसऱ्या चौकोनात कंपनीचे एक अधिकारी, टाय लावलेले, समोर फायलींचा गठ्ठा.

अधिकाऱ्यांनी आपली बाजू मांडली. मग मी मांडली, इंग्रजीत, आदल्या दिवशी आरशासमोर पाठ केलेली. बाई म्हणाल्या, "जबाब देणाऱ्या बाई आहेत का तिथं?" मी आक्काला पुढं घेतलं. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, पैसे का दिलेत? आक्काला कन्नड येतं ते बाजारापुरतं. तिनं "पेट्रोल" म्हटलं, पुढं शब्द शोधले, आणि सापडेनात तशी माझ्याकडे बघायला लागली. मी सांगू का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, "तुम्ही तक्रारदार आहात. तुमचं भाषांतर मला घेता येणार नाही."

मग कंपनीचे अधिकारी म्हणाले, "मॅडम, मला मराठी येतं. माझं लहानपण लोंढ्याला गेलं. चालणार असेल तर मी सांगतो."

बाईंनी मला विचारलं, "तुमची हरकत आहे?"

समोरच्या पक्षाचा माणूस आमच्या साक्षीदाराचं बोलणं सांगणार. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी होकाराची मान डोलावली. मी म्हटलं, "हरकत नाही."

ते अधिकारी मग आक्काशी बोलले आणि मी चकित झाले, कारण ते अगदी आमच्यासारखं बोलले. "आक्का, घाबरू नका. त्या दिवशी काय झालं ते तुमच्या भाषेत सांगा. मी जसंच्या तसं सांगतो."

आक्कानं सांगितलं. भाडं विचारलं, ते घेतलं नाही, पंपावर पेट्रोलला म्हणून नोटा ठेवल्या, ही परत देत होती, म्हाताऱ्यानं ठेव म्हटलं. अधिकारी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. "घेतलं नाही" हे त्यांनी गाळलं नाही. उलट तिथं थांबून बाईंना समजावलं, की आमच्या भागात भाडं आणि बाडिगे एकच, आणि या म्हणतात ते विचारलं होतं, दिलं नव्हतं.

"भाडं का ठरवलं नाही?" बाईंनी विचारायला सांगितलं.

"ठरवायला ती काय टॅक्सीवाली हाय? मास्तरीण हाय," आक्का म्हणाली.

"मग पैसे द्यायची काय गरज होती?"

"मोकळ्या हातानं कुणाच्या गाडीत बसायचं कसं, साहेब? शेजारी झाली म्हनून काय झालं?"

"पुन्हा तिच्या गाडीतून गेलात तर पुन्हा पैसे देणार?"

"देणार की. पेट्रोल काय नळाला येतंय?"

हे सांगताना अधिकाऱ्यांना हसू आवरलं नाही, आणि ऐकल्यावर बाईही हसल्या. मग गंभीर होऊन बाईंनी अधिकाऱ्यांना दोनच गोष्टी विचारल्या. चौकशी करणाऱ्याला मराठी येतं का? आणि लिहिलेला जबाब या बाईंना वाचून दाखवून समजावल्याची नोंद आहे का? अधिकाऱ्यांनी फायली चाळल्या. दोन्हींचं उत्तर त्यांनी "नाही" असंच दिलं, न फिरवता.

बाहेर पाऊस पडत होता. लॅपटॉप मिटल्यावर आक्कानं पहिलं काय विचारलं असेल, तर, "त्यो लोंढ्याचा गडी कुणाच्या बाजूचा होता गं?"

"कंपनीच्या," मी म्हटलं.

"व्हय? चांगलं बोलला की मग."

निकाल पुढच्या महिन्यात आला. ओळखीच्या, शेजारच्या माणसानं प्रवासाच्या खर्चाला हातभार लावला म्हणून गाडी भाड्यानं चालवली असं होत नाही, आणि न समजावलेल्या भाषेतल्या जबाबावर क्लेम नाकारणं बरोबर नाही, असा त्याचा सारांश. सर्व्हेअरनं ठरवलेली रक्कम कंपनीनं द्यावी. मी दुरुस्तीचा सगळा खर्च मिळेल असं धरून चालले होते. तसं होत नाही, प्लास्टिकच्या भागांच्या जुनेपणाची घट कापून घेतात, काही खर्च आपल्यावर असतो. ते पॉलिसीत पहिल्यापासून लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत पैसे वर्कशॉपला दिले आणि गाडी घरी आली. अण्णा मागं बसले, आक्का पुढं. तवंदीचा घाट उतरताना तिनं दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली होती, मी तिसाच्या वर गेले नाही, आणि मागून येणारे सगळे हॉर्न वाजवत पुढं जात होते. कप्प्यात तिनं पेट्रोलचे पैसे ठेवले. मी घेतले.

गल्लीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. हळूहळू लोक आपापली पत्रं घेऊन यायला लागले. कुणाचा दुचाकीचा क्लेम अडलेला, कुणाला पॉलिसीतली इंग्रजी कलमं वाचून हवी असायची. रविवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीत बसते, अण्णा चष्मा लावून शेजारी बसतात आणि प्रत्येकाला आधी विचारतात, "सही कशावर केलीस? वाचलं होतंस?" आक्का चहा आणून देते.

मागच्या रविवारी संकेश्वरकडचा एक दूधवाला आला होता. त्याची व्हॅन कालव्यात गेली, कंपनीनं क्लेम नाकारला, तो तणतणत होता. मी सगळे कागद बघितले. अपघाताच्या चार महिने आधी त्याचं लायसन संपलं होतं आणि त्यानं नवं केलंच नव्हतं. मी त्याला सांगितलं, की यात कंपनीची चूक दिसत नाही, लोकपालांकडे गेलात तरी बहुतेक हेच सांगतील. त्यानं लायसन हातात घेऊन तारीख पुन्हा बघितली. मग त्यानं चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "बरं. लायसन नवं करायला कुठं जायचं असतंय मॅडम, आणि काय काय कागद लागत्यात?"

मी वही काढली आणि त्याला लिहून द्यायला लागले.